सहा मिलिमीटरचा वळ

रुचाने पोह्यांची बशी माझ्यापुढे धरली आणि मला तिच्या हातावर दोर दिसला. दोर नव्हता, दोराचा वळ होता. बाही जराशी सरकली तेवढ्यात मनगटाच्या वर तीन वेढे दिसले, एकाला एक लागून, आणि चौथा पंजाच्या पाठीवरून तिरका अंगठ्याच्या बेचक्यात गेलेला. दुसऱ्या कुठल्या बापाला वाटलं असतं, बांगड्या रुतल्या असतील, नाहीतर घड्याळाचा पट्टा घट्ट झाला असेल. माझं नशीब तेवढं चांगलं नाही. तेहतीस वर्षं मी शारजाच्या औद्योगिक भागात दोर, साखळ्या आणि पट्टे तपासतोय. क्रेनच्या आकड्याला जे काही लटकतं त्यावर दर सहा महिन्यांनी माझी सही लागते. कंत्राटदार मला पाठीमागे ‘नापास मांजरेकर’ म्हणतात, कारण जो दोर दुसरे तपासनीस डोळे झाकून पास करतात त्याचा पदर उलगडून मी आतलं पाहतो आणि बाजूला फेकतो. तेव्हा बशी हातात येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळा रिपोर्ट लिहून झाला होता. सहा मिलिमीटर, तीन पदरी, उजवा पीळ. नैसर्गिक धागा, कारण नायलॉनचा वळ गुळगुळीत उठतो आणि इथे कडेने कुसळं ओढल्यासारख्या बारीक रेघा होत्या. ताण भरपूर. वेळ तास-दीड तासापूर्वीची. शनिवारी सकाळी तिचा कसलासा ऑनलाइन क्लास असतो म्हणून नाश्त्याला उशीर, असं ती म्हणाली होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते नेहमीसारखंच होतं, उलट जरा जास्तच टवटवीत. विचारायला हवं होतं. मी विचारलं, लिंबू आहे का.

कुंदाला काही दिसलं नाही. माझ्या बायकोला दोर दिसत नाहीत, माणसं दिसतात, आणि माणसं तिला सगळी ठीकच दिसतात. ती रुचाला वेद का आला नाही ते विचारत होती, आणि रुचा म्हणत होती की तो झोपलाय, दमलाय. वेद म्हणजे आमचा जावई. लग्नाला तीन वर्षं झाली. इमारतींना काचा बसवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करतो, मुंगीलाही वाट करून देईल असा मुलगा. निदान त्या सकाळपर्यंत मी तसं समजत होतो. निघताना कुंदाने चकल्यांचा डबा दिला तो घेऊन मी रुचाबरोबर खाली उतरलो. दुबईत करामा भागातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या मागे तिने गाडी लावली होती. तिने डिकी उघडली आणि तेवढ्यात फोन आला म्हणून दोन पावलं बाजूला गेली. डिकीत एक कापडी पिशवी होती, तोंड उघडं, आणि आत दोराच्या लडी. डबा ठेवायचा राहिला, हात आपोआप पिशवीत गेला. ताग होता. सात-आठ मीटरची एकेक लड, मधोमध दुमडून गुंडाळलेली, टोकांना बारीक गाठ. कुसळं ज्योतीवरून फिरवून जाळलेली, मग वरून तेलाचा हात. वासात दोन्ही होतं. पीळ कुठे ढिला नाही, पदर कुठे फुगलेला नाही. खरं सांगतो, उभ्या आयुष्यात कुणी दोर इतका जपलेला मी पाहिला नव्हता, आणि मनात पहिलं आलं ते कौतुक. भीती मागाहून आली. रुचाने येऊन पिशवीचं तोंड ओढून घेतलं. हॉबीचं सामान आहे, म्हणाली. कसली हॉबी, असं मी म्हटलं असेन. "जॅपनीज," ती म्हणाली आणि डिकी लावली.

तो दिवस आणि पुढचा रविवार मी घरात होतो आणि नव्हतो. कुंदा काहीतरी बोलायची, मी हो म्हणायचो, आणि मग कळायचं की तिने प्रश्न विचारलाच नव्हता. रिटायर व्हायचं वय झालं तरी डोक्यात वर्कशॉपच, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. मी हसलो. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा वेद होता. तो मऊ बोलणारा, सासूला ताट उचलू न देणारा वेद माझ्या मुलीला खुर्चीला बांधतोय, आणि मग शांतपणे झोपून जातोय. असली माणसं असतात, मी पेपरात वाचलंय. पण गंमत अशी, गंमत म्हणायचं म्हणून म्हणतो, की मी रुचाला बांधलेली डोळ्यांपुढे आणायला गेलो की तोंड रुचाचं येत नव्हतं. ते रणजितदादाचं यायचं. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, वेंगुर्ल्याला आमच्या घरी एकटा असतो, लग्न केलं नाही. त्याचा उजवा हात मनगटापासून खाली लोंबतो, विशीच्या आतच गेला. हातावरून वारं गेलं, असं आई सगळ्यांना सांगायची, रुचालाही लहानपणापासून तेच ठाऊक. दर रविवारी मी त्याला बोटिम ॲपवर व्हिडिओ फोन लावतो. त्या रविवारीही लावला. तो डाव्या हाताने फोन धरतो, चित्र हलत राहतं, कधी कपाळ दिसतं, कधी नुसता कान. काजूला मोहोर चांगला आलाय म्हणाला, रुचा बरी ना म्हणाला. मी म्हटलं, बरी आहे. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पायातल्या बुटांच्या नाड्या सैल करत होतो, आणि त्या आधीच सैल होत्या. मी कुठलीही गोष्ट घट्ट बांधत नाही. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात. रुचा लहान असताना तिच्या झबल्याचे बंद बांधायला कुंदाने सांगितलं की मी बाळ तिच्याच हातात परत द्यायचो. शाळेच्या रिबिनी कधी बांधल्या नाहीत. कुंदा मला आळशी समजते, आणि मी तिला तसं समजू देतो, कारण आळशी असणं परवडतं.

सोमवारी वर्कशॉपच्या केबिनमध्ये दार लावून मी कम्प्युटरवर जपानी तागाचा दोर शोधला. पहिल्याच क्लिकला सरकारी पाटी आली की ही साइट या देशात बंद आहे. साठीच्या माणसाची छाती एवढ्याशा पाटीने धडधडावी याची मला लाज वाटली, पण धडधडली. तेहतीस वर्षांचा व्हिसा डोळ्यांपुढून गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मग एक साधं पान सापडलं, कुठल्या अभ्यासकाने लिहिलेलं, आणि ते मी चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. जपानात काही शतकांपूर्वी गुन्हेगार पकडणाऱ्या शिपायांच्या कमरेला दोर असायचा, बेड्या नसायच्या. झटकन पकडायचा दोर वेगळा आणि पकडल्यावर न्यायासमोर न्यायचा दोर वेगळा. शेतकऱ्याला एका तऱ्हेने वेढे, लढवय्याला दुसऱ्या तऱ्हेने, भिक्षूला तिसऱ्या. रस्त्यावरच्या माणसाला नुसता दोर बघून कळावं की हा कोण आणि याच्यावर आरोप काय. बांधणाऱ्याला चार नियम होते. दोर निसटता कामा नये. ज्याला बांधलं त्याच्या शरीराला आणि मनाला इजा होता कामा नये. बघणाऱ्याला युक्ती कळता कामा नये. आणि बांधलेलं सुंदर दिसलं पाहिजे. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर सत्तावीस कलमं आहेत, त्यात सुंदर हा शब्द कुठे नाही, आणि मनाला इजा हेही नाही. पुढे आणखी एक गोष्ट होती, तिथे मी थांबलो. ज्याचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही त्याला गाठ मारायची नाही, नुसते वेढे द्यायचे आणि टोक हातात धरायचं. गाठ पडली की तो बांधला गेला, आणि ती बेअब्रू जन्मभर राहते. निर्दोष सुटला तर त्याला म्हणता आलं पाहिजे की मला कोणी बांधलं नव्हतं. मग लढाया संपल्या, ती विद्या आधी रंगमंचावर आली, मग चित्रकारांकडे, मग फोटोवाल्यांकडे, आणि शेवटी नवराबायकोच्या, जोडप्यांच्या बंद दारामागे. तिथे दोराचा अर्थच उलटा झाला, ज्याला बांधायचं त्यानेच ते मागायचं. एक फोटो होता. वेढे छातीवरून, खांद्यांवरून असे गेलेले की हाताखालचा कागद घेऊन मी त्यांचा मार्ग पेन्सिलीने काढून पाहिला, आणि कुठेही एक फेरा उगाच नव्हता. त्या बाईचे डोळे मिटलेले होते. ती घाबरलेली नव्हती, एवढं मला कळत होतं, आणि ते कळूनही मला चैन पडेना.

मी उठलो, स्टोअरमधून सहा मिलिमीटरचा सुतळी-ताग घेतला आणि वळ तसाच उठतो का ते बघायला स्वतःच्या हाताला गुंडाळून ओढू लागलो. कोणी कुणाला कसं धरलं, कुठल्या बाजूने ओढलं, ते मला वेढ्यांवरून काढायचं होतं. नूरुद्दीन बाकावर बसून जाड दोराला दोर जोडत होता. तो गुजरातेतल्या सलाया बंदराचा, जन्म गलबतांवर गेला, दोन दोरांचे पदर एकमेकांत असे विणतो की सांधा शोधून सापडत नाही. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे आणि मला साहेब म्हणत असला तरी मानत नाही. त्याने विचारलं काय चाललंय. एका कामगाराच्या हातावर असा वळ पाहिला, म्हणून मी खोटंच सांगितलं, कोणीतरी त्याला बांधून ठेवलं असणार. मी कागदावर काढून दाखवलं. नूरुद्दीनने चष्मा कपाळावर चढवला.

"साब, बंधे हुए का निशान ऐसा नहीं आता. ये पंजे के ऊपर से अंगूठे में गया है ना, ये खींचने वाले का हाथ है. लपेट के खींचा है उसने. आप ही तो हर मीटिंग में बोलते हो, रस्सी हाथ पे लपेट के मत खींचो. अपना सबक भूल गए क्या?"

तो हसला आणि परत कामाला लागला. खरं होतं. दर सोमवारी सकाळी पोरांना उभं करून मी हेच सांगतो, त्या दिवशीही सांगितलं होतं. तीनशे माणसांच्या हातांवर मी तो वळ ओळखला असता, एका मुलीच्या हातावर ओळखला नाही, कारण मुलगी म्हटल्यावर ती बांधलेलीच असणार, असं मी धरून चाललो होतो. बांधत होती रुचा. बांधला जात होता वेद, जो दमून झोपला होता. माझ्या छातीवरचा दगड उतरायला हवा होता. उतरला नाही. तो दुसरीकडे सरकला आणि जास्त जड झाला. मी केबिनमध्ये परत आलो, तर ते पान उघडंच होतं. खाली, धोके अशा मथळ्याखाली, एका हाताचं चित्र होतं. खांदा, दंड, कोपर. दंडाच्या बाहेरच्या अंगाला, कोपराच्या वर, एक पिवळी शीर हाडाला वळसा घालून जात होती आणि तिथे लाल फुली मारली होती. इथे दोर रुतला तर हात आधी बधिर होतो, मग मनगट उचलता येत नाही, पंजा खाली लोंबतो. लवकर सोडलं तर आठवड्यांनी, महिन्यांनी परत येतो. फार वेळ राहिलं तर येत नाही. मी ते वाचलं आणि माझा चष्मा काढून टेबलावर ठेवला, जणू चष्म्याचा दोष होता. पन्नास वर्षांत एकाही डॉक्टरने आम्हाला सांगितलं नाही ते मला एका परक्या पानाने सांगितलं, आणि ज्या जागी फुली होती ती जागा माझ्या बोटांना ठाऊक होती.

मी अकरा वर्षांचा होतो, दादा एकोणीसचा. तो होड्यांवर नावं रंगवायचा. वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत कुणाची नवी होडी पाण्यात उतरायची असली की दादाला बोलावणं यायचं. पाण्यावर हलणाऱ्या होडीवर उभं राहूनसुद्धा त्याची वेलांटी चुकत नसे. मग त्याला काहीतरी झालं. आज त्याला नाव आहे, गोळ्या आहेत, पुढे त्या गोळ्यांनीच तो सावरला. तेव्हा फक्त एवढं होतं की तो उठायचा आणि सरळ समुद्रात चालत जायचा. दोनदा कोळ्यांनी बाहेर काढला. वडील गलबतावर तांडेल, आठ-आठ महिने बाहेर. काकांनी ठरवलं की घरी कोणी नसेल तेव्हा त्याला पडवीच्या खांबाला बांधायचं. काकांच्या गाठी तो सोडवायचा, आईच्या रडून सैल पडायच्या. माझी सुटत नव्हती. वडिलांनी मला सहाव्या वर्षापासून दोर शिकवला होता. "गाठ विलासचीच हवी," असं काका चारचौघांत म्हणायचे आणि माझी छाती फुगायची. ही फुगलेली छाती मला आजही आठवते, बाकी पुष्कळ विसरलो. दादा भांडायचा नाही. स्वतः खांबाला टेकून बसायचा, हात मागे करायचा. एकदा म्हणाला, तुझ्या गाठीत झोप लागते रे. चैत्रात मामाच्या मुलीचं लग्न होतं मालवणला, सगळा वाडीतला गोतावळा ट्रकने निघाला. शेजारच्या म्हातारीला पाणी द्यायला सांगितलं होतं. मी सकाळी सातला बांधला, काथ्याचा दोर, दंडांवरून दोन वेढे, कारण मनगटावरून तो हात काढून घेतो असं मला कळलं होतं. मी ती सुधारणा केली होती. परतलो तेव्हा दिवे लागले होते. सोडल्यावर डावा हात त्याने पुढे घेतला, उजवा तसाच खाली राहिला. आई म्हणाली वारं गेलं. त्यानंतर त्याने ब्रश धरला नाही. एवढं आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं, दोरही माहीत होता, पण दोराबद्दल कोणी बोललं नाही, कारण बोललं असतं तर सगळ्यांचेच हात त्यात होते. पण सगळ्यांना माहीत नाही असंही एक होतं, आणि ते घेऊन मी चार वाजता वर्कशॉपला कुलूप लावलं आणि अल नहदाला रुचाच्या घरी गेलो.

ती घरूनच काम करत होती, वेद ऑफिसात होता. दार उघडल्यावर आई बरी आहे ना, हा पहिला प्रश्न. मी बूट काढायच्या आधीच सांगून टाकलं की मला वळ दिसला, दोर दिसला, मी वाचलंय सगळं. तिचं तोंड लाल झालं. तिने पिशवीत हात घालण्यावरून, तिच्या घरावरून, तिच्या वयावरून मला इंग्रजीत जे सुनावलं ते सगळं रास्त होतं. मी उभाच होतो. मग ती दमली आणि खुर्चीत बसली. मी म्हटलं, दोर छान राखलाय, पण केवढ्याला पडतो. तिला हसू आलं, नको असताना. एकाला दीडशे दिरहम, म्हणाली, आणि मी सवयीने मोठ्यांदा म्हणून गेलो की साडेतीन हजार रुपयांचा ताग. त्यावर ती बोलू लागली. एका जपानी बाईकडून दोघं ऑनलाइन शिकतात. पहिले तीन महिने त्या बाईने त्यांना गाठ मारूच दिली नाही, फक्त दोर ओढायचा आणि सोडायचा, समोरच्याचा श्वास ऐकत. फोटो नाही, बाहेर कोणाला माहीत नाही. वेद दिवसभर बोलत असतो, लोकांना हो म्हणत असतो, आणि दोरात तो गप्प होतो. "ही गोज क्वाएट, बाबा. कधी कधी झोपतोसुद्धा. तो म्हणतो, एवढी शांत झोप त्याला कुठेच लागत नाही." मी समोरच्या खुर्चीवर बसलो. मी तिला विचारलं की झोप लागल्यावर तुला कळणार कसं, हात गेला ते. ती म्हणाली, मी विचारते. दर दोन-तीन मिनिटांनी त्याच्या मुठीत बोट देते आणि त्याने ते दाबायचं. आणि तो काहीही म्हणाला, मुंग्या, कळ, काहीही, तर त्याच क्षणी सोडायचं. कात्री शेजारीच असते, एवढा महाग दोर असला तरी कापायचा.

"आणि घाई असली तर?" मी विचारलं.

"घाई असली तर बांधायचंच नाही, बाबा. दॅट्स द फर्स्ट थिंग."

तिने हे सहज म्हटलं, जसं कोणी म्हणेल की ओल्या हाताने स्विच लावू नये. मी जे पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही, ते तिला सांगू लागलो. रणजितकाकाचा हात वाऱ्याने गेला नाही. तो मी बांधला होता, अकराव्या वर्षी. त्या पानावरच्या चित्रात फुली आहे तिथे, कोपराच्या वर. ती लगेच म्हणाली, तू अकरा वर्षांचा होतास, तुला काय माहीत. सगळे हेच म्हणाले असते, म्हणूनच मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "मी गाठ मारली आणि पायरी उतरलो तेव्हा तो म्हणाला, विलास, हात झोपलाय रे. मी ऐकलं. ट्रक सुरू झाला होता, मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं होतं. गाठ सोडून परत मारेपर्यंत ती जागा गेली असती. मी वळून पाहिलं नाही."

ड्रायव्हरशेजारची जागा मला मिळाली. मालवणपर्यंत मी समोरच्या काचेतून रस्ता बघत गेलो, आणि लग्नात दोनदा जिलबी घेतली. हेही मी तिला सांगितलं, कारण एकदा सांगायला लागल्यावर काय ठेवायचं तेच कळेना. रुचाने उठून मला पाणी दिलं नाही, जवळही घेतलं नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी होतो. खाली रस्त्यावर शारजा-दुबईच्या सीमेवरची संध्याकाळची रांग लागली होती, गाड्या हळूहळू सरकत होत्या. मग तिने विचारलं की काकांना हे माहीत आहे का, की तुला ऐकू आलं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही. मी दर रविवारी त्याच्याशी बोलतो, त्याला नवी खोली बांधून दिली, डॉक्टर पाहिले, सगळं केलं, पण हे कधी विचारलं नाही. त्याला कळलंच असणार, असं मला वाटतं. त्याच्या प्रत्येक हसण्यामागे मला तेच दिसतं, की याला ठाऊक आहे आणि हा सांगत नाही. त्याला मला माफ करायची संधी तरी द्यायला हवी होती. हे शेवटचं वाक्य म्हणताना मला बरं वाटलं, आणि ते तिच्या लक्षात आलं असावं.

"देन टेल हिम," ती म्हणाली. "मला सांगून काय होणार?"

बोटिम तिनेच लावलं, तिच्या फोनवरून. तिकडे सात वाजले असतील. दादाने रुचाचं नाव बघून उचलला, आज सोमवारी कसा काय, म्हणून खुश झाला. मी दिसलो तेव्हा आणखी खुश झाला. रुचा फोन माझ्या हातात देऊन खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्याने जेवणाचं विचारलं, कुंदाच्या गुडघ्याचं विचारलं. मी दोन्हींची उत्तरं दिली. मग मी एका दमात म्हटलं, दादा, मामाच्या चंदीच्या लग्नाला आम्ही गेलो तो दिवस. तुझा हात वाऱ्याने गेला नाही. माझ्या दोराने गेला, दंडावर जिथे मी वेढे दिले तिथे शीर असते. तो म्हणाला, असेल रे, मला वाटायचंच तसं. लहान होतास, सोड आता. त्याने ते इतक्या सहज म्हटलं की मी तिथेच थांबू शकलो असतो. थांबायला हवं होतं का, हे मी आता स्वतःला रोज विचारतो. पण मला पूर्ण मोकळं व्हायचं होतं.

"निघताना तू म्हणालास, हात झोपलाय," मी म्हटलं. "मी ऐकलं होतं, दादा."

चित्र हलायचं थांबलं. त्याने फोन कशाला तरी टेकवून ठेवला असावा, कारण आता तो अख्खा दिसत होता, बनियनवर, खांद्यावर पंचा, उजवा हात मांडीवर पालथा. तो माझ्याकडे बघत नव्हता, फोनच्या जरा बाजूला बघत होता.

"ऐकलं होतंस?"

"हो."

"मी आपला इतकी वर्षं समजत होतो," तो म्हणाला, "ट्रकच्या आवाजात तुला ऐकू गेलं नाही."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला काही बोलता आलं असतं. त्याने डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवरून खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. फोन आम्ही दोघांनीही बंद केला नाही.